पांढऱ्या बुवांची मोरी

मठ नाहीसा झाला, असं परगावचे लोक म्हणतात. अहो, नाहीसा कसला डोंबलाचा! आमच्या एमरुपमध्ये कुणाच्याही घरात शिरा. डुकरांच्या खोपटाला कोनाडे दिसतील, त्यात पूर्वी संत उभे असायचे. लोहाराची भट्टी ज्या विटांची आहे, तेवढी लांब वीट आता कुणी पाडत नाही. माझ्या चुलीपुढच्या फरशीला बुवांच्या गुडघ्यांनी खळगे पडलेत, त्यात माझं मांजर झोपतं. मठ आहे तिथंच आहे. आम्ही त्याचे तुकडे करून वाटून घेतले एवढंच.

त्यांच्या पंथाचं नाव सिस्टर्शियन. पण ते नाव इथं कुणाच्या जिभेला झेपणार? आम्ही म्हणायचो पांढरे बुवा. अंगात पांढरा झगा आणि तोंडाला कुलूप. ते स्टिलहोल्मला, म्हणजे मठाच्या या जागी, आले तेव्हा इथं नुसती दलदल होती, डास आणि बेडूक. जी जागा कुणालाच नको ती त्यांनी मागून घेतली आणि हातात फावडी घेतली. वरच्या तळ्याला बांध घातला. बांधाच्या पोटातून, मठाच्या खालून, विटांची कमानीची मोरी काढली, ती थेट खालच्या तळ्याकडे. त्या पाण्यावर त्यांची चक्की फिरायची, त्यातच भांडी धुवायची, त्यावरच माशांची टाकी भरायची. आणि हे सगळं न बोलता, हातांच्या खुणांनी. बाजारात मध विकायला आले तरी बोटं दाखवायचे. माझी आजी म्हणायची, बुवांशी घासाघीस करण्यापेक्षा भिंतीशी भांडावं.

दरवर्षी शरदात संत मिकेलचा सण झाला की त्यांच्यातले दोन दाढीवाले, म्हणजे मठात राबणारे, कंदील घेऊन वरच्या तोंडातून मोरीत शिरायचे. बाकीचे बांधावर उभे राहून स्तोत्रं म्हणायचे. दिवस कलता कलता ते दोघे खालच्या तोंडातून बाहेर पडायचे, डांबरात बुडवून काढल्यासारखे काळे. कुणाशी एक शब्द नाही. आम्ही पोरं बघायला धावायचो. माझा बाप म्हणायचा, "मोठं पाप केलं असणार यंदा. त्याचं प्रायश्चित्त चाललंय." मग घराघरांत तोच खेळ. यंदा कुणी काय केलं असेल? लोणी चोरलं? गवळणीकडे बघितलं? हसून हसून पोट दुखायचं. विचारलं मात्र कुणी नाही. जो बोलतच नाही त्याला काय विचारणार?

पुढे राजानं पोपला सोडून धर्म बदलला आणि आमचाही बदलून दिला. बुवांना कुणी हाकललं नाही. मरा म्हणाले इथंच, नवीन घेऊ नका. ते एकेक करून मेले. एबे नावाचा एक म्हातारा तेवढा उरला, आणि मग हुकूम आला, मठ पाडा, विटा राजाच्या नव्या गढीला पाठवा. बैलगाड्या आमच्या, पाठी आमच्या. वाटेत गाडीतून जे पडेल ते आमचं, असा अलिखित करार होता, आणि आमच्या गाड्या फार हलायच्या हो!

एबेला मी माझ्या गोठ्याच्या माळ्यावर जागा दिली. मी बोडिल. नवऱ्यामागे मोरीच्या खालच्या तोंडाशी वाम पकडायचा पिंजरा चालवते, वामी धुरावर धरून विकते, बिअर गाळते. माझ्या तोंडाची गावाला धास्ती आहे आणि ते बरंच आहे. तर त्या शरदात, मठ पाडला त्याच वर्षी, मी पिंजरा उचलायला गेले तर मोरीतून म्हातारा बाहेर. एकटा. हाताची साल निघालेली, ओठ निळे. मी त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. "कुणी सांगितलं होतं रे म्हाताऱ्या? तुझा पोप येणार होता होय पापं मोजायला?" त्यानं माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याचा आवाज गावानं ऐकला नव्हता तो एबे बोलला. "दरवर्षी," म्हणाला. एवढंच. तापात गेला बिचारा, आठवडासुद्धा काढला नाही.

लॉरिट्स पाद्रीनं रविवारी चर्चमध्ये त्याचंच प्रवचन केलं. "बघा, जुन्या धर्माचं खूळ माणसाचा कसा जीव घेतं. देवाला तुमचं गटारातलं प्रायश्चित्त नको आहे. यापुढे त्या मोरीत कुणी शिरलं तर माझ्याशी गाठ आहे." आम्ही माना डोलावल्या. तसंही त्या अंधाऱ्या भोकात शिरायची हौस कुणाला होती?

आता माझ्या सिडसेलचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच सांगायचं आहे. मला ती एकच. तिचं लग्न टेर्केलशी झालं. पोरगा सोन्यासारखा, पण बायकोनं हुंकार दिला की लगेच हात जोडून उभा. सिडसेलची दोन बाळंतपणं वाया गेली. एक पोटातच, एक पाळण्यात. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की तिला आनंदानं काही विचारायची मला भीती वाटायची. हे मूल जगावं आणि माझी पोर जगावी, याखेरीज मला त्या वर्षी देवाकडे काही मागायचं नव्हतं.

टेर्केलनं तिच्यासाठी नवं घर बांधलं. राजाच्या कारभाऱ्यानं बुवांची माशांची टाकी उपसून कोरडी केली होती, ती काळीभोर जमीन बांधाच्या अगदी पायथ्याशी. तिथं घर. विटा मठाच्या. उंबऱ्याला दगड हवा होता, तर पठ्ठ्यानं एका मठाधिपतीच्या थडग्यावरची शिळाच आणून बसवली. त्यावर कोरलेला धर्मदंड होता, खाली लॅटिन होतं. सिडसेल किंचाळली तेव्हा त्यानं ती पालथी घातली. मागच्या भिंतीत मढ्याचं दार ठेवलं. आमच्याकडे घर बांधतानाच ठेवतात ते. भिंतीत कमान सोडायची आणि चुन्याऐवजी नुसत्या मातीत विटा रचून बुजवायची. घरात कुणी गेलं की त्या विटा काढून मढं तिथून न्यायचं, पाय पुढे करून, म्हणजे मागं वळून घर बघायला नको, आणि परत बुजवून टाकायचं. मेलेल्याला परतायची वाट सापडत नाही. "काय जावईबुवा," मी म्हटलं, "एवढी ऐसपैस कमान? सासूची मापं घेतलीत वाटतं!" टेर्केल कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या शरदात आवाज सुरू झाला.

मठाच्या स्वयंपाकघराच्या जागी ढिगाऱ्यात एक भोक उरलं होतं, खाली मोरी. तिथून यायचा. खालच्या पट्टीत, लांबलचक, पुष्कळ गळ्यांतून एकदम निघाल्यासारखा. चढायचा, उतरायचा, थांबायचा, आणि आता संपला म्हणेस्तोवर परत लागायचा. बुवांची स्तोत्रं ज्यांनी ऐकली होती त्यांची पाचावर धारण बसली. मीही ऐकलं. पाणी आहे, मी म्हटलं. मठ पाडताना अर्धा माल आत कोसळलाय, त्यात पाणी अडखळतंय, दुसरं काय? पण खरं सांगते, म्हणताना मीही भराभर चालत होते.

सिडसेलचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. ती जेवेना. राईची भाकरी पुढ्यात तशीच.

"आई, तो मठाधिपती आहे. त्याला त्याचा दगड हवाय."

"मग टेर्केलला सांग, दगड परत नेऊन टाक."

"कुठं टाकणार? थडगंच राहिलं नाही."

"अगं पण पाणी आहे ते!"

"तू रोज पाण्यात असतेस. इतकी वर्षं कधी गायलं का ते?"

मी तिच्यावर ओरडले. "डोक्यात किडे पडलेत तुझ्या! पोटातल्याचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय," ती म्हणाली. "पाळण्यातलं गेलं तेव्हा मठ शाबूत होता. आता तर आपण त्यांच्या घराचं घर केलंय. ते काय सोडणार आहेत होय?"

टेर्केलला ते सहन होईना. शरद सरता सरता, संत मार्टिनच्या सणाच्या आदल्या दुपारी त्यानं चार शेजारी जमवले. बिअर माझी. ढिगाऱ्यातल्या विटा त्या भोकात ढकलल्या, वर दगड, वर चिकणमाती, वर परत दगड, असं करत भोक ठासून भरलं. आवाज आधी चिडल्यासारखा वर चढला. मग घुसमटला. मग थांबला. सगळे तिथंच उभे राहिले, हातात बिअरचे पेले तसेच. इतकं शांत मी स्टिलहोल्म कधी ऐकलं नव्हतं.

"बसला गप्प," टेर्केल म्हणाला आणि घरी पळाला, बायकोला सांगायला.

सिडसेल त्या रात्री झोपली. दुसऱ्या दिवशी सणाचं हंसाचं मांस दोनदा मागून घेतलं. मला आणखी काय हवं होतं! त्याच आठवड्यात असा कडाका पडला की तळी दगड झाली. थंडीत वामी चिखलात दडी मारतात, माझा पिंजरा घरात, मोरीच्या तोंडाकडे जायचं कारणच नाही. हिवाळाभर त्या बाजूनं पाखराचासुद्धा आवाज आला नाही. गावात सगळे म्हणत, टेर्केलनं बरं काम केलं. पाद्रीसुद्धा म्हणाला, जरा खाजगीत.

एक मात्र होतं. सिडसेलचं घर ओलं राहायचं. भिंतींना घाम यायचा. बाहेर शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बर्फाचा थर, आणि हिच्या उंबऱ्यावरची शिळा काळी, ओली. चुलीजवळची माती पायाखाली दबायची. टेर्केल म्हणायचा, घर नवं आहे, वाळतंय अजून. सिडसेल म्हणायची, तो रडतोय. मी म्हणायचे, रडू दे, गाण्यापेक्षा बरं. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

मार्चमध्ये ती मोकळी झाली. मुलगी. लालबुंद, मुठी आवळलेली, आणि काय आवाज! गुंडेल सुईणीनं तिला उलटी धरली तेव्हा जी किंचाळली, मी मटकन खाली बसले आणि रडले. पाळण्यात कात्री ठेवली, शेजारी दिवा ठेवला. बाप्तिस्मा व्हायचा होता तोवर दिवा विझू द्यायचा नाही. बायका लोण्याची लापशी घेऊन आल्या. सिडसेल उशीला टेकून खात होती आणि मधेच हसत होती. ते हसू मी विसरलेच होते हो.

आणि त्याच दिवसांत बर्फ वितळायला लागलं. पाऊसही आला, कोमट, वाऱ्याबरोबर. सकाळी मी पिंजरा खांद्यावर घेऊन मोरीच्या तोंडाशी गेले. दरवर्षी या दिवसांत तिथं उभं राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, एवढं पाणी उसळतं.

पाट कोरडा होता. कमानीखालच्या चिखलाला भेगा. मोरीच्या तोंडात कोळ्याचं जाळं, अख्खं.

मी पिंजरा खाली ठेवला. सगळीकडे पाणी वाहतंय, छपरांवरून, वाटांवरून, माझ्या मानेवरून, आणि मोरीतून थेंब नाही. मग हे सगळं पाणी गेलं कुठं? मी झगा वर खोचला आणि बांधावर चढले. वरचं तळं बांधाच्या काठाला लागलं होतं. बर्फाचे मोठमोठे तुकडे बांधावर अंग घासत होते. माझे पाय गवतात घोट्यापर्यंत रुतले, आणि खाली पायथ्याशी मातीतून पाणी पाझरत होतं, गढूळ. तिथून पुढे एक कुंपण, आणि मग सिडसेलचं छप्पर, धुराड्यातून धूर.

दाढीवाले दरवर्षी आत का जायचे ते मला तेव्हा कळलं. प्रायश्चित्त! कप्पाळ आमचं. ते मोरी साफ करत होते.

मी कशी धावले मला माहीत नाही. घरात शिरले ती ओरडतच. "उठा! बांध फुटतोय! मोरी तुंबलीय, पाणी सगळं वर कोंडलंय!"

टेर्केल लापशी खात होता. त्यानं चमचा ठेवला. त्याला एका क्षणात कळलं, कुणी तुंबवली ते.

"मी घातलंय, मी काढतो," तो म्हणाला आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"खुळा आहेस का? आधी बायकोला उचल!"

"आई, मोरी मोकळी झाली तर बांध राहील. घर राहील. तुम्ही हिला बाहेर काढा, मी आलोच." त्यानं वाकून पाळण्यातल्या मुलीच्या कपाळाला बोट लावलं, लाकडी जोडे पायात घातले आणि उंबरा ओलांडून गेला.

मी सिडसेलचं पांघरूण ओढलं. "चल."

ती हलेना. पलंगाचा खांब दोन्ही हातांनी धरून बसली. "मी उंबरा नाही ओलांडणार."

"काय?"

"माझी चर्चमधली शुद्धी झाली नाही, आई. तिचा बाप्तिस्मा नाही. ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडली तर काय होतं ते तूच शिकवलंस मला. आणि उंबरा तरी कुठला? त्याच्या थडग्यावरून मी ही पोर नेऊ? त्यानं दोन नेली आहेत."

"अगं त्यानं नाही नेली! पाणी येतंय, पाणी!"

"तू सारखं पाणी पाणीच म्हणतेस!"

गुंडेल सुईण पाळण्यापुढे उभी होती, हात पसरून. "बोडिल, ती बरोबर बोलतेय. मी चाळीस बाळंतपणं केली या गावात, उंबरा मोडलेली एक वाचली नाही." मला तिचा गळा दाबावासा वाटला. पण सिडसेलच्या डोळ्यांकडे बघितलं आणि समजलं, हिला ओढत नेली तर वाटेतच भीतीनं मरेल. दूध आटेल, ताप भरेल. तशा मेलेल्या मी बघितल्यात. पायाखाली माती पचपच करत होती. चुलीतून फस्स आवाज आला आणि विस्तव विझला.

मी कुऱ्हाड घेतली आणि मागच्या भिंतीशी गेले.

"आई, काय करतेस? ते मढ्याचं दार आहे!"

"माहीत आहे."

"तिथून गेलेलं माणूस परत येत नाही!"

"नको येऊस परत! या घरात परत यायचंय कुणाला? घटकाभर मेलीस असं समज. मी रडते पाहिजे तर तुझ्या नावानं!" आणि मी खरंच रडत होते, रडत कुऱ्हाडीच्या माथ्यानं विटा ठोकत होते. माती ओली झालेली, दोन घावांत माणूस जेमतेम जाईल एवढ्या विटा भसाभस बाहेर पडल्या. उजेड आला. मी सिडसेलला काखेत धरून ओढलं तशी ती गुरासारखी ओरडली. तिचे पाय आधी भोकात घालायला गेले, तेच सोपं होतं.

"थांब!" गुंडेल ओरडली. तिचा आवाजच बदलला होता, बाळंतिणीच्या खोलीतला झाला होता. "पाय नाही! मढं पायानं जातं. डोकं आधी, बोडिल! जिवंत माणूस डोक्यानं बाहेर येतं. सिडसेल, माझ्याकडे बघ. हनुवटी छातीला. हां. आता रेट दे!"

आणि सिडसेलनं खांब सोडला. देवाशपथ सांगते, तिनं हनुवटी छातीला लावली आणि रेट दिला. मी आधी बाहेर गेले, तिथून खांदे धरून ओढलं, गुंडेलनं आतून ढकललं, आणि माझी पोर दुसऱ्यांदा माझ्या मांडीवर आली, चिखलानं माखलेली. मागून गुंडेलनं मुलगी दिली, तीही डोकं पुढं करून, कात्री दुपट्यात खोचून. दिवा तेवढा विझला होता.

आम्ही चर्चच्या टेकाडाची अर्धी चढण चढलो असू, तेव्हा आवाज आला. मोरीचा. टेर्केलनं बूच फोडलं होतं. एक मोठी आरोळी, जमिनीच्या आतून, आणि मागोमाग कोरड्या पाटात तपकिरी पाण्याची भिंत. "केलं त्यानं!" मी ओरडले. "सिडसेल, केलं गं त्यानं!" क्षणभर तळं जरा खाली बसल्यासारखं वाटलं. आणि मग बांध मधोमध वाकला, अगदी सावकाश, आणि गेला. घर उभं होतं आणि मग नव्हतं. मठाच्या विटा होत्या, परत मठाच्या जागेवर जाऊन पडल्या.

आम्ही बायका मढ्याच्या दारानं निघालो आणि वाचलो. जिवंत माणसांच्या दारानं गेलेला टेर्केल आला नाही. त्याला खालच्या तळ्यात शोधलं, लव्हाळ्यात शोधलं, गळ टाकून शोधलं. पहार सापडली. पुरायला काही नाही, आणि मढं जिथून न्यायचं ते घरच नाही.

उन्हाळाभर गावानं बांध परत घातला. सिडसेल माझ्याकडे राहायला आली. मुलगी गुटगुटीत झाली, दात आले. सिडसेल तिला पाजायची, न्हाऊ घालायची, पण बोलायची नाही. दाढीवाल्यांची बहीण शोभली असती. आणि शरद लागला तसा तो आवाज परत आला. मोरीत अजून खूप काही अडकलं होतं. खालच्या पट्टीत, चढत, उतरत. मला वाटलं आता ही वेडी होणार. तर ती मुलीला कडेवर घेऊन रोज तिसऱ्या प्रहरी त्या भोकाशी जाऊन बसायला लागली. मी एकदा मागोमाग गेले.

"आई," ती म्हणाली, "पूर्वी यात सगळे परके होते. आता एक आवाज आपला आहे. तो बघ, जाडसर."

मी काय बघणार? मी तिच्याजवळ बसले आणि मुलीला माझ्या मांडीवर घेतलं.

संत मिकेलचा सण झाला. लोहार आणि त्याचा भाऊ कंदील घेऊन आले. लॉरिट्स पाद्री स्वतः बांधावर येऊन उभा राहिला. हे प्रायश्चित्त नव्हे, ही डागडुजी आहे, असं त्यानं सगळ्यांना दोनदा सांगितलं. अख्खं गाव जमलं. आणि वरच्या तोंडाशी, वाट अडवून, सिडसेल बसली होती, मांडीवर मुलगी.

"सरक पोरी," लोहार म्हणाला. फार हळू म्हणाला.

"नाही. साफ केलीत की तो गप्प होईल."

पाद्रीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी माझं तोंड बंद व्हावं म्हणून नवस बोलणारे लोक!

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. "बरं," म्हटलं, "नका करू साफ. पण मग सांगून ठेव, पुढच्या मार्चमध्ये हिला कुठल्या दारानं बाहेर काढायची? मला आता कुऱ्हाड उचलवत नाही. आणि टेर्केल नाही बूच फोडायला."

मुलगी माझ्या नाकाशी खेळत होती. सिडसेलनं तिचा हात धरून खाली घेतला. मग ती मुलीला घेऊन उठली आणि बाजूला झाली.

ते दोघे आत गेले. बांधावर कुणालाच काय करावं सुचेना, शेवटी पाद्रीनंच स्तोत्र धरलं, आपल्या भाषेतलं, आणि आम्ही मागून म्हटलं. दिवस कलता कलता ते खालच्या तोंडातून बाहेर आले, काळे. लोहार एरवी दारू न पिताही बडबड्या. एक शब्द बोलला नाही. आम्ही लहानपणी समजायचो, न बोलणं हा बुवांचा नियम आहे. लोहारानं सिडसेलपुढे वाकून एक लाकडी जोडा ठेवला आणि निघून गेला.

पाणी सरळ वाहू लागलं. गुळगुळीत, काही न अडखळता. सिडसेल जोडा छातीशी धरून काठावर ऐकत राहिली. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. लोक पांगले.

"आई," ती म्हणाली, "गप्प झाला गं."

अगं, पाणीच होतं ते, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. वर्षभर तेच म्हणत आले होते, आणि तेच खरं होतं.

"हो बाळा," मी म्हटलं. "दमला होता. झोपला आता."